अनुदान: दान की देणे?

अपंगत्व हे पूर्वकर्माचे फळ मानले, की अपंगाला मिळणारी मदत आपोआप दान ठरते: देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्यावर उपकार. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारला. या सिद्धांतामुळे दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्य आणि समाज झटकू शकतात, हा त्यांचा आक्षेप होता.

अपंगांविषयीचा कायदाही त्याच दिशेने, राज्याच्या जबाबदारीकडे, सरकला. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेले. ‘हक्क’ हा शब्द तर दोन्ही कायद्यांच्या नावातच आहे. महाराष्ट्रात गरीब अपंगांना मासिक मदत मात्र संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून मिळते. हक्कदाराने आधी निराधार ठरायचे, ही यातली विसंगती. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, उत्पन्नाचा लागतो आणि पुढे हयातीचाही. दाखल्यावर ३९ टक्के लिहिलेल्याची अडचण एका टक्क्याने हलकी होत नाही. तो फक्त यादीबाहेर राहतो.

दान आणि हक्क यांखेरीज गौरवाचाही एक मार्ग आहे, आणि तो विदर्भात जुना आहे. माधानचे अंध संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणून वंदिले गेले. ‘दिव्यांग’ हा शब्दही त्याच वळणाचा. अशा नावाने मान मिळतो. अर्ज घेऊन तहसील कचेरीत शिरायला मात्र पायऱ्यांशेजारी उतार लागतो, आणि तो मागणे ही याचना नव्हे.