ओझं कुणाच्या खांद्यावर?

पाव्हण्याला वेशीपर्यंत पोचवायची आमच्याकडं रीत आहे. थोरली लेक जर्मनीला शिकायला निघाली, तेव्हा आमची वेस थेट मुंबईच्या विमानतळापर्यंत सरकली.

भावकीतल्या एकानं बोलेरो देऊ केली. "अण्णा, डिझेलचं बी बघू नका. पोरगी आपलीच हाय." बोलण्यात माया होती. पण दोन महिन्यांवर सोसायटीची निवडणूक होती आणि तो उभा होता. मिंधं होऊन गाडीत बसण्यापेक्षा तिकीट काढून उभं राहावं, ही माझ्या बापाची शिकवण. मी म्हटलं, "नगं. आमी रेल्वेनं जातो." लेक काही बोलली नाही.

रात्री कराडला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरली आणि सकाळी दादरला उतरलो. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, वर चटणी-मेतकुटाची पिशवी. मध्य रेल्वेच्या फलाटावरून पश्चिम रेल्वेकडं जायचं तर पूल चढावा लागतो. माझा गुडघा चौथ्या पायरीलाच बोलायला लागला. लेकीनं एक बॅग वर नेऊन ठेवली, खाली येऊन दुसरी उचलली. वर पोचल्यावर धापा टाकत म्हणाली, "अण्णा, ताठा तुमचा, ओझं माझ्या खांद्यावर."

रागानं म्हणाली असती तर एवढं लागलं नसतं.

कर्ज नको म्हणून माझ्या बापानं घरामागं आड खणला नाही. आई दीड मैलावरून पाणी आणायची. बापाच्या स्वाभिमानाचं गावभर कौतुक व्हायचं, आईच्या मानेची चौकशी कुणी केली नाही. तत्त्व पाळणारा एक आणि त्याची किंमत मोजणारी दुसरी, हे आमच्या घरात पहिल्यांदा घडत नव्हतं.

अंधेरीकडं जाणारी पहिली लोकल गर्दीनं आम्हांला घेऊच दिली नाही. दुसरीला झेंडूचे भारे घेऊन उभी असलेली एक बाई ओरडली, "ओ काका, इकडं या, लगेजच्या डब्यात!" तिनं भारे सारून जागा केली, एक बॅग स्वतः ओढून घेतली. झेंडू मीही लावतो. दसऱ्याला माझा माल दादरच्याच फूलबाजारात येतो. तिथून पुढं तो कुणाच्या डोक्यावरून जातो, हे कधी मनातही आलं नव्हतं. अंधेरीला तिनंच बॅगा खाली दिल्या. हात जोडेपर्यंत गाडी हलली.

अंधेरीहून मेट्रो, मरोळ नाक्याला बदलून भुयारी मेट्रो, आणि पुढचंच स्टेशन विमानतळाचं टर्मिनल 2. ही भुयारी लाईन 2024च्या ऑक्टोबरात सुरू झाली. सरकत्या जिन्यावर बॅग धरून उभा असताना वाटलं, हा जिना सगळ्यांच्या पैशातनं झाला, सगळ्यांसाठी झाला, म्हणून तो कुणाला मिंधं करत नाही. पण मग फूलवालीचं काय? तिला मी छदामसुद्धा दिला नव्हता. तिचाही उपकारच की! तो घेताना मान खाली गेली नाही, कारण ती वसुलीला कधी येणार नव्हती. बापानं शिकवलं ते अर्धंच होतं. वसुली लागणारा उपकार टाळावा, हे खरं. पण सगळेच उपकार टाळायला निघालेला माणूस शेवटी घरातल्यांच्याच खांद्यावर बसतो.

विमानतळाच्या दारात जवानानं लेकीचं तिकीट आणि पासपोर्ट पाहिला. तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. आमची वेस आली.

मी म्हणालो, "पोरी, चुकलं माझं. गाडीचं तुला विचारायला पाहिजे होतं."

ती हसली. "विचारलं असतं, तरी मी नकोच म्हणाले असते अण्णा. त्याची पोस्टरं आपल्या दाराला कुणी लावून घ्यायची?" मग बॅगांवर हात ठेवून म्हणाली, "पण विचारायचं असतं."

दोन्ही बॅगा ढकलत ती आत गेली. माझे हात रिकामे होते आणि गुडघा ठणकत होता.