वाटी बांधण्याआधी गुडघा वाकवून पाहा

‘वाटी सरकते ना? आतल्या बाजूची दोरी नवी बसवून घ्या, विषय संपला.’ सोलापुरात हा सल्ला हल्ली जाहिरातीत मिळतो, व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतो आणि नातेवाइकांकडून तर फुकटच मिळतो. ही दोरी म्हणजे गुडघ्याच्या वाटीला मांडीच्या हाडाशी आतून धरून ठेवणारं लिगामेंट, एमपीएफएल. शस्त्रक्रिया चांगलीच आहे. पण कबड्डी खेळताना एक-दोनदा वाटी निखळलेल्या मुलाला आणि लहानपणापासून गुडघा वाकवला की दर वेळी वाटी बाहेर जाणाऱ्या बाईला एकच उपाय सांगितला जातो, तिथे माझी हरकत आहे.

मागचा इतिहास भराभर सांगता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रू आणि गोल्डथ्वेट यांनी वाटीखालचा कंडरा आतल्या बाजूला ओढला. 1938 मध्ये हाउझरने नडगीच्या हाडाचा उंचवटाच सरकवला. वाट्या जागेवर राहिल्या, पण पुढे सांधे झिजले. मग ल्योंच्या आंरी देजूर यांनी लक्ष हाडाच्या आकाराकडे वळवलं: वाटी जिथे बसते ती मांडीच्या हाडातली उथळ खाच, उंच चढलेली वाटी, खाच आणि नडगीचा उंचवटा यांच्यातलं 20 मिलिमीटरच्या पुढे गेलेलं अंतर. 1992 मध्ये ब्राझीलच्या एलेरा गोमेस यांनी एमपीएफएल नव्याने बांधलं. पुढच्याच वर्षी कॉनलन आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं, की वाटीला बाहेर जाण्यापासून रोखणाऱ्या एकूण जोरापैकी सुमारे 53 टक्के वाटा या एकट्या लिगामेंटचा असतो.

या आकड्यानेच सगळा घोळ केला. तो मृतदेहांच्या सरळ ठेवलेल्या गुडघ्यांवर मोजलेला होता. आखडलेला स्नायू वाटीला बाहेर खेचतोय, असा गुडघा तिथे नव्हताच. गोमेस यांचा लेखही अधूनमधून निखळणाऱ्या वाटीबद्दलच होता. दर वाकण्याला निखळणाऱ्या वाटीचं उत्तर त्यात शोधणं हा वाचणाऱ्यांचा दोष.

त्या वाटीचं कोडं 1964 मध्येच बरंचसं सुटलं होतं. सिंगापूरमध्ये काम करणाऱ्या गन यांनी दाखवलं, की मांडीचा पुढचा स्नायू आखडला की वाटी निखळू शकते, आणि आखडण्याचं एक कारण लहानपणी मांडीत वारंवार दिलेली इंजेक्शनं हे असतं. ते ताडून पाहायला यंत्र लागत नाही. रुग्णाला टेबलावर झोपवा, वाटी अंगठ्याने खाचेत दाबून धरा आणि गुडघा हळूहळू वाकवा. स्नायू आखूड असेल, तर पाय थोडासा वाकून अडतो. अंगठा काढला की वाटी बाहेर उडी मारते आणि पाय सहज पूर्ण वाकतो. म्हणजे वाटी बाहेर जाते म्हणून तर गुडघा वाकतो! अशा गुडघ्यात नुसती दोरी बांधली, तर एक तर ती तुटते, नाहीतर पाय वाकायचा थांबतो.

वाटीची बाहेरची बाजू सैल करण्याच्या शस्त्रक्रियेचीही अशीच फरपट झाली. दुर्बिणीच्या काळात ती ऊठसूट केली गेली, काहींची वाटी उलट आतल्या बाजूला सरकू लागली, आणि 1988 मध्ये ह्यूस्टन आणि डीज यांनी त्याबद्दल बजावलं. तेव्हापासून तिचं नाव बदनाम. पण बदनाम झाली ती एकटीने केलेली, नको तिथे केलेली शस्त्रक्रिया. आखडलेल्या गुडघ्यात सुरुवात तिथूनच करावी लागते: आधी बाहेरची बाजू सोडवायची, गरज पडली तर मांडीचा स्नायू लांबवायचा, आणि दोरी त्यानंतर. प्रौढांमध्ये वाढ थांबलेली असल्याने नडगीचा उंचवटाही सरकवता येतो. मात्र वाटी कधी धड खाचेत बसलीच नसल्याने खाच उथळ राहिलेली असते, कूर्चा झिजलेली असते. स्नायू लांबवल्यावर काही महिने पाय पूर्ण सरळ करायला जड जातं, हेही आधीच सांगायला हवं.

सोलापुरात गुडघा पूर्ण वाकण्याचं महत्त्व अधिक. इथे हजारो बाया दिवसभर मांडी घालून विड्या वळतात. सोलापूरजवळच्या कुंभारीची वसाहत तर विडी कामगार बायांसाठीच उभी राहिली. वाटी जागेवर बसली पण मांडी घालता येईना, तर त्या बाईची रोजी गेली. एक्सरेवर मात्र ते ऑपरेशन यशस्वीच दिसेल.

म्हणून ऑपरेशनला होकार देण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: वाटी धरून माझा गुडघा किती वाकतो, हे तुम्ही पाहिलंत का? आणि ऑपरेशननंतर मला मांडी घालता येईल का?