मांडवाआधी घरे

डिचोली

चि. बायस,


तुमच्या पेडण्यातल्या वाड्यावरच्या लहान ख्रिस्ती समुदायाचे काम यंदा तुझ्याकडे आले, हे तुझ्या आईकडून कळले. मे महिन्यात खुरसाकडची, म्हणजे क्रूसापुढे गायची, लदीन, मग कपेलाचे, म्हणजे चॅपेलचे, फेस्त, दोन्ही तुलाच उभी करायची आहेत. तू विचारतेस, आधी मांडववाल्याशी बोलू की बँडवाल्याशी? मी म्हणते, आधी घरे फिर. एक साधी वही घे आणि वाड्याच्या एका टोकापासून सुरुवात कर. व्हॉट्सॲपवरचा निरोप पुष्कळांपर्यंत जातो, पण ज्यांना निरोपाची खरी गरज असते ते बहुधा त्या ग्रुपमध्ये नसतात. कोणाच्या घराला कुलूप आहे, कोणाचे मुलगे कुवेतला आहेत, कोण बोटीवर आहे, कोणाचे सगळे बिऱ्हाड स्विंडनला गेले आणि मागे फक्त म्हातारी उरली, हे दारात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. कोणी दोन वर्षांत मिसेला का आले नाही, तेही तिथेच कळते. कधी आजारपण असते, कधी सामाईक बांधावरून शेजाऱ्याशी धरलेला अबोला असतो.

सेंट फ्रान्सिस झेवियर 1542 च्या मे महिन्यात गोव्यात उतरले, तेव्हा हातात घंटा घेऊन गल्ल्यांतून फिरत आणि मुलांना, गुलामांना, नोकरचाकरांना धर्मशिक्षणासाठी बोलावत. 3 डिसेंबरच्या फेस्ताला आपण जुन्या गोव्याला त्यांच्यापुढे गुडघे टेकतो. 2024 च्या 21 नोव्हेंबरपासून 2025 च्या 5 जानेवारीपर्यंत शवदर्शन झाले, तेव्हा तर तासन्‌तास रांगेत उभे राहिलो. त्यांची ती घंटा मात्र आपण विसरतो. माणसांना बोलावायला ते स्वतः रस्त्यावर जात, हे तू विसरू नकोस.

आता आपल्या मुलखाचे सांगते, कारण तू मडगावात शिकलीस आणि तिथली फेस्ते डोळ्यांत घेऊन परत आली आहेस. सासष्टीतल्या फेस्तासारखे फेस्त पेडण्यात करायला जाऊ नकोस. बार्देस, तिसवाडी, सासष्टी ही पोर्तुगीजांनी आधी घेतलेली जुनी काबिजाद. तिथे सोळाव्या शतकापासून गावे चर्चच्या भोवती वाढली. आपला पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला तो 1788 साली, डिचोली त्याच्या थोडी आधी. तोवर धर्मांतराचा ऐन जोर ओसरला होता आणि नव्या मुलखात लोकांची देवळे, रूढी यांना हात न लावण्याच्या बोलीवरच सत्ता आली. म्हणून 2011 च्या जनगणनेत सगळ्या गोव्यात चार माणसांमागे एक ख्रिस्ती असला, तरी आपल्या दोन तालुक्यांत आपण मूठभरच. पेडणे, मांद्रे, हरमलच्या फिरगजांत (पॅरिशांत) काय किंवा इथे डिचोलीत काय, एका वाड्यावर ख्रिस्तांवांची घरे थोडी आणि दोन्ही बाजूंना हिंदू शेजार.

हे कमीपण आहे असे मला कधीच वाटले नाही. मोठ्या फिरगजेत एक माणूस नसला तर चालून जाते. आपल्याकडे एक नसला तर दुसरा सूर गळतो, खुर्च्या उचलायला माणूस नसतो, घरोघरी फिरणारी सायबिणीची, म्हणजे मरियेची, मूर्ती पुढच्या घरी न्यायला खांदा कमी पडतो. म्हणून आपल्याकडे प्रत्येकाला काम असले पाहिजे आणि ते काम पैसे देऊन बाहेरच्याकडे सोपवू नये. मांडव भाड्याने आण, वीजही घे. पण खुरसाला चुना वाड्यावरच्या पोरांनी लावावा, झेंडूच्या माळा वाड्यावरच्या बायांनी ओवाव्यात आणि लदीन वाड्यावरच्या गळ्यांनी म्हणावी. एका गावात मी पाहिले आहे: बाहेरून गायक आणलेले, माइक त्यांच्या हातात, आणि जन्मभर लदिनीत दुसरा सूर धरणारे म्हातारे मागच्या खुर्चीवर गप्प बसलेले. कार्यक्रम देखणा झाला, पण पुढच्या वर्षी ते म्हातारे आलेच नाहीत. तुझ्या वाड्यावर व्हायोलिन वाजवणारे एक उरले आहेत. त्यांच्या शेजारी यंदा एका मुलाला उभे कर. त्याचा सूर चुकला तर चुकू दे.

फादर प्रत्येक लदिनीला येऊ शकणार नाहीत. त्यांच्याकडे कपेले अनेक, आजारी माणसे अनेक. त्यावरून मन खट्टू करून घेऊ नकोस. बाणावलीत जन्मलेले आपले संत जुझे वाझ 1687 साली श्रीलंकेत गेले, तेव्हा तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती. गरीब मजुराच्या वेषात ते फिरले, रात्री कोणाच्या तरी घरात माणसे गोळा करून मिसा केली, आणि आपण नसताना प्रार्थना चालू राहावी म्हणून त्या त्या गावच्या माणसांवर जबाबदारी टाकली. 1711 च्या 16 जानेवारीला ते कँडीत वारले. 2015 साली पोप फ्रान्सिसनी कोलंबोत त्यांना संतपद दिले, तेव्हा आपण सगळ्यांनी टीव्हीपुढे टाळ्या वाजवल्या. श्रीलंकेतली श्रद्धा टिकली ती त्या घराघरांतल्या माणसांमुळेही. तेव्हा फादर नसतील त्या संध्याकाळी वाचन तू कर, विनंत्या एखाद्या शाळकरी मुलीला म्हणू दे, आणि वाचनावर दोन शब्द बोलायला माडाची सूर काढणाऱ्या एखाद्या रेंदेराला किंवा मासे विकणाऱ्या बाईला सांग. ती आधी नाही म्हणेल. पुन्हा विचार.

शेजाऱ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते. लदीन झाल्यावर आपल्याकडे चणे वाटतात. आदल्या रात्री भिजत घातलेले, मीठ घालून उकडलेले, वर खोबऱ्याच्या कातळ्या. अलीकडे काही ठिकाणी त्याऐवजी चिकन पॅटिस आणि केकचे खोके देतात. तू चणेच ठेव. चणे सोमवार पाळणारी शेजारीण खाते, उपास सोडणारा म्हातारा खातो, मूल मूठ भरून पळते. आपल्या आधीच्या लोकांनी ही वस्तू निवडली, तेव्हा खुरसाकडे कोण कोण येणार हे त्यांना ठाऊक असणार. त्या खुरसाकडे आजही हिंदू बाया मेणबत्ती लावतात, तेल घालतात. त्यांना आमंत्रण द्यायला स्वतः जा, आणि आल्या की मागच्या रांगेत पाहुण्यांसारखे बसवू नकोस.

तुला माहीत आहे, आपल्या दोन तालुक्यांतल्या देवी बहिणी मानल्या जातात. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई. आणि त्यांचीच एक बहीण म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधली मिलाग्र सायबीण, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ईस्टरनंतर येणाऱ्या तिच्या फेस्ताला तेलाची बाटली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या हिंदू बाया तू लहानपणी माझ्याबरोबर पाहिल्या आहेस. धर्मशास्त्र शिकलेला माणूस या कथेला काय म्हणेल, हा वेगळा विषय. माणसांनी एकमेकांच्या उंबऱ्यावर येण्यासाठी ती कथा सांभाळली, एवढे मला पुरे आहे. म्हणून 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे जीव गेले, तेव्हा आमच्या इथल्या ख्रिस्ती घरांतही त्या दिवशी कोणाला जेवण गेले नाही.

त्या प्रसंगाने आपल्याही लहान फेस्ताला एक धडा दिला आहे. कपेलाकडे येणारी पायवाट अरुंद आहे. त्या वाटेवर फेरीवाल्यांचे ठेले लावू देऊ नकोस, जनरेटर लांब ठेव, फटाके नकोतच. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, कायदाच आहे. पण कायदा नसता तरी शेजारच्या घरात परीक्षेचे मूल आणि अंथरुणावरचा म्हातारा असतोच.

भाषेचे सांग म्हणालीस. मिसा, लदीन, गायने कोंकणीतच होऊ देत, पुस्तके रोमी लिपीतली आहेत ती राहू देत. पण आमंत्रणाची चिठ्ठी आणि हातात द्यायचा गायनांचा कागद देवनागरीतही छाप. आपल्याकडची बहुतेक मुले मराठी शाळेत वाचायला शिकली. रोमीतला कागद हातात आला की ती ओठ हलवतात, म्हणत नाहीत. यात आपल्या परंपरेला सोडून काही नाही. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये इथे आले आणि त्यांनी दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. 1616 साली ते राशोलला छापले गेले, रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये वाचले जाई. पुढे 1684 च्या जूनमध्ये सरकारने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. लोकांनी सोडली नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. परदेशातून कोणी मोठी रक्कम पाठवून फेस्ताचे यजमानपण मागेल. घे, पण घरटी छोटी वर्गणी तरीही काढ, पन्नास रुपये का होईना. ज्याने पन्नास दिले तो खुर्च्या लावायला येतो. हिशेब पुढच्या रविवारी मिसेनंतर वाचून दाखव. आणि जुन्या काबिजादीतल्या काही गावांत कोंफ्रारियांचे, म्हणजे चर्चच्या बंधुमंडळांचे, मान जातीवरून अडकले, भांडणे कोर्टापर्यंत गेली. आपल्याकडे कोणी तसली भाषा काढली, खारव्याच्या मुलाने छत्री धरू नये वगैरे, तर तिथल्या तिथे नाही म्हण. या एका बाबतीत मवाळ होऊ नकोस.

मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तुमच्या बाजूला झारखंडचे, ओडिशाचे कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्यात आदिवासी ख्रिस्ती पुष्कळ. रविवारी ते चर्चच्या मागच्या दाराशी उभे राहतात आणि मिसा संपताच निघून जातात. वहीत त्यांच्या खोल्याही लिही. एखादी विनंती त्यांच्यापैकी कोणी हिंदीत म्हटली तर लदीन बिघडणार नाही.

सायबीण कोणत्या घरी कधी जाणार, त्याची यादी करताना एक लक्षात ठेव. ज्या घरात दोनच म्हातारी माणसे आहेत, ती घरे लोक यादीतून हळूच वगळतात, त्यांना त्रास नको म्हणून. गेल्या वर्षी आमच्या इथे असेच एक घर वगळायचे ठरत होते. मी हट्ट धरला. त्या बाईंनी आदल्या दिवशीच टेबलावर लग्नातली लेस लावलेली चादर अंथरली होती, भिंतीवरची वाढलेली कोळिष्टके काढायला स्टुलावर चढता येत नव्हते म्हणून काठीला फडका बांधला होता. खुर्च्या नव्हत्याच, शेजारच्या हिंदू घरातून बाकडी आली. रोझरी झाल्यावर बाई दाराशी उभ्या राहून प्रत्येकाच्या हातावर स्वतः चणे ठेवत होत्या आणि कोणालाही घाईने जाऊ देत नव्हत्या. अशा घरांना आधी तारीख दे, आणि खुर्च्या, चणे यांची सोय तुम्ही पोरांनी आदल्या संध्याकाळी करून ठेवा.

वही भरली की मला कळव. पहिल्या लदिनीला मी येतेच, म्हापशाहून बसने. येताना आमच्याकडचा जुना मेणबत्त्यांचा लाकडी स्टँड आणते, तो तुमच्या खुरसाला बसेल का ते मोजून सांग. आणि व्हायोलिनच्या तारा कोणत्या हव्यात ते त्या म्हाताऱ्यांना विचारून ठेव, पणजीहून मागवता येतील.

तुझी,
मावशी