वरचा हिशेब, खालचा हिशेब

ढाणकीतल्या आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीचा मी काही वर्षे खजिनदार होतो. पेशाने शाळामास्तर, म्हणून जमाखर्चाची वही माझ्याकडे. एका वर्षी जमातीतल्याच एका ठेकेदाराने वजूखान्यासाठी मोठी रक्कम दिली. त्याने केलेला रस्ता त्याच वर्षी पहिल्या पावसात उखडला होता. उमरखेडच्या दवाखान्याकडे निघालेली बाळंतीण त्या चिखलात दोन तास अडकून पडली, हेही सगळ्यांना ठाऊक होते. बैठकीत एका म्हाताऱ्या गवंड्याने विचारले, "मास्टरसाब, ये पैसा रस्ते का तो नहीं?" मी म्हणालो, "चाचा, हिसाब ऊपरवाला लेगा." सगळ्यांनी माना हलवल्या. वजूखाना झाला, संगमरवरी पाटी लागली. त्या नळाखाली हात धुताना माझे ते वाक्य मला अजून ऐकू येते.

वरच्या हिशेबावर माझा विश्वास पक्का आहे. पण त्या दिवशी मी तो खालचा हिशेब बुडवण्यासाठी वापरला.

भ्रष्टाचाराविरुद्ध धर्मसंस्थेने काही करावे, की आपली प्रार्थना सांभाळून गप्प बसावे? हा प्रश्न स्वतःच्या घरात विचारताना माणूस बिचकतो. म्हणून आधी शेजाऱ्याच्या घरात डोकावू. यवतमाळ जिल्ह्याला चर्च परके नाही. धर्मसेवक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी 1953 पासून यवतमाळ शहरात होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. पण चर्चमधला माणूस सत्ता आणि पैशाच्या युतीसमोर उभा राहिलेला पाहायचा तर वसईला जावे लागते.

1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवी जमीन बांधकामासाठी खुली होऊ लागली. जमिनीचे दलाल, पाणी उपसून विकणारे टँकरवाले आणि त्यांच्या पाठीशी असलेली दहशत यांनी गावे गांजली होती. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी सहकाऱ्यांसह 'हरित वसई संरक्षण समिती'च्या झेंड्याखाली लोकांना एकत्र आणले. त्यात ख्रिस्ती होते, तसे हिंदूही होते. धर्मगुरूने या भानगडीत का पडावे, असे त्यांनाही विचारले गेले. पुढे ते उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 2024 मध्ये गेले. वसई पुरती हिरवी राहिली नाही. तरीही, शेजाऱ्याची जमीन धाकाने जात असताना वेदीसमोर हात जोडून उभे राहणे पुरेसे नाही, एवढे त्या लढ्याने दाखवून दिले.

मात्र बाहेरच्या चोराकडे बोट दाखवणाऱ्याला स्वतःची पेटी उघडावी लागते. कॅथलिक चर्चच्या 1983 च्या धर्मविधी संहितेत दोन कलमे आहेत. एक सांगते की प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक बाबींसाठी समिती असावी. दुसरे सांगते की श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा. कलम असले म्हणजे पाळले जातेच असे नाही. केरळातल्या एर्णाकुलम-अंगमाली महाधर्मप्रांताच्या जमीनविक्रीवरून 2017 च्या सुमारास मोठे वादळ उठले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की प्रश्न विचारणाऱ्यांत त्याच धर्मप्रांताचे पुरोहित पुढे होते. चर्चची त्यात नाचक्की झाली असे काहींना वाटले. मला वाटते, प्रश्न दाबला असता तर ती अधिक झाली असती.

आता आपल्या घरात येऊ. हदीसमध्ये एका जकात वसूल करणाऱ्याची हकीकत आहे. तो परत येऊन म्हणाला, एवढे तुमचे आणि एवढे मला भेट मिळाले. पैगंबरांनी विचारले ते असे, की हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर भेट मिळाली असती का? लाच म्हणजे काय, याची याहून सोपी कसोटी मला सापडलेली नाही. आणि कुरआनातली सर्वात लांब आयत कशाबद्दल आहे? देण्याघेण्याची लेखी नोंद आणि साक्षीदार यांबद्दल.

तरीही सच्चर समितीने 2006 मध्ये वक्फचे जे चित्र मांडले, ते आपण विसरू नये. देशभर 4 लाख 90 हजार नोंदलेल्या मालमत्ता, सुमारे 6 लाख एकर जमीन, अंदाजे 1 लाख 20 हजार कोटींचे बाजारमूल्य, आणि वर्षाचे उत्पन्न फक्त 163 कोटींच्या आसपास. विधवेच्या नि अनाथाच्या नावाने ठेवलेली ही अमानत. तिच्यावर बाहेरच्यांनी अतिक्रमण केले, सरकारी खातीही त्यात होती, हे खरे. पण आतल्यांनी कवडीमोलाने भाडेपट्टे दिले, हेही खरे. 2025 च्या दुरुस्ती कायद्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारच्या हेतूवर शंका घेण्याचा हक्क आपल्याला जरूर आहे. आपल्या वह्या आधीच उघड्या असत्या, तर ती शंका अधिक ताठ मानेने घेता आली असती.

"आपण अल्पसंख्य आहोत, चव्हाट्यावर हिशेब मांडून विरोधकांच्या हाती कोलीत का द्यायचे?" असे मला अनेकदा ऐकवले गेले आहे. ही भीती खोटी नाही. पण ख्रिस्ती समाज आपल्याहून लहान आहे. आणि बंद वहीने विरोधकाचे तोंड बंद होत नाही. बंद होते ते फक्त आपल्या गवंडीचाचाचे.

शेवटी माझ्या त्या वाक्याकडे येतो. आपल्याकडे अल्लाचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क वेगळे मानले आहेत. नमाज चुकली तर तौबा आहे. माणसाचे घेतले असेल तर ते परत करावे लागते किंवा त्याची माफी मिळवावी लागते, नुसती तौबा पुरत नाही. बायबलमधला जकातदार जक्कय येशूसमोर उभा राहिला, तेव्हा लुबाडलेले चौपट परत करीन असेच म्हणाला. म्हणजे दोन्ही धर्म एकच सांगतात, वरचा हिशेब खालचा मिटवल्यावाचून मिटत नाही. आणि रस्त्याचा पैसा तर हजारो लोकांचा. त्या बाळंतिणीच्या वतीने माफी द्यायला मी कोण होतो?

गवंडीचाचा आता हयात नाहीत. गेल्या रमजानपासून मशिदीच्या फळ्यावर दर महिन्याचा जमाखर्च लागतो. जुन्या पाटीचे काय करायचे, हा विषय मी बैठकीत मांडला आहे. निर्णय झालेला नाही. पण या वेळी 'हिसाब ऊपरवाला लेगा' असे कोणी म्हणाले नाही.