शिखर कुणाचं?

जलरंगातलं एखादं जुनं युरोपी चित्र डोळ्यांसमोर आणा. खाली रस्ता, भाजीचे ढीग, बाजारातल्या बाया, कललेली घरं. आणि या सगळ्याच्या वर कॅथेड्रलचं टोकदार शिखर. सॅम्युएल प्राउट (1783–1852) हा इंग्रज चित्रकार वर्षानुवर्षं असले रस्ते रंगवत राहिला. शिकलेली माणसं सांगतात, शिखर म्हणजे माणसाच्या आत्म्याची वरची ओढ. असेल. पण ओढ कुणाची आणि ओझं कुणाचं?

आधी रंग बघा. जवळचा रस्ता गडद, मळकट. शिखर फिकं, निळसर, पाण्यात विरघळल्यासारखं. लांबची वस्तू फिकी दिसते, हा हवेचा धर्म. चित्रकार खोटं बोलत नाही. पण होतं काय, दगडाचं वजनच निघून जातं. जणू शिखर कुणी बांधलंच नाही, आभाळातनं उतरलं.

आता हिशेब बघा. स्ट्रासबुर्गचं शिखर 1439 साली पुरं झालं, उंची 142 मीटर. उलरिश फॉन एन्सिंगन, योहानेस ह्युल्ट्झ या मुख्य कारागिरांची नावं राहिली. दगड फोडणारे, वर चढवणारे कुठं गेले? कोलोनचं कॅथेड्रल 1248 ला सुरू झालं, सोळाव्या शतकात काम थांबलं. अर्धवट मनोऱ्यावर दगड उचलायची यारी 1868 पर्यंत तशीच उभी. जुन्या चित्रांत ती दिसते. मला विचाराल तर खरं प्रतीक ती यारी. ती सांगते, इथं हात राबलेत. 1880 ला दोन्ही शिखरं पुरी झाली, तेव्हा ही खूण उरली नव्हती.

एक फरक मात्र विसरू नका. तिथला गरीब निदान आत जाऊन गुडघे टेकू शकत होता. आपल्या बापजाद्यांना लांबनं कळस दाखवला आणि दार बंद ठेवलं. 1930 ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला, तो देव भेटावा म्हणून नव्हे, माणसाच्या हक्कासाठी. उंची दिसली की मान लववायची, ही सवय आपल्याला परवडणारी नाही.

मग शिखरं पाडायची का? नाही. त्यांत राबणाऱ्यांचे हात आहेत. पाडली तर त्यांची शेवटची खूणही जाईल. शिखर वाचायचं, पण खालनं वर. सुंदर आहे त्याला सुंदर म्हणायचं, आणि त्याच दमात विचारायचं, हे कुणी उचललं?

उद्या तुम्ही चित्र काढाल, कविता लिहाल. शिखर खुशाल काढा. यारी पुसू नका.