रांगेतला शेवटचा

ऑपरेटिंग सिस्टिमच्या अभ्यासक्रमात शेड्युलिंग येतं, तेव्हा बहुतेक जण गणितं पाठ करून पुढे जातात. मी तिथेच रेंगाळलो.

समजा, तीन कामं एकदम आली: एक १० मिनिटांचं, दोन एकेक मिनिटाची. मोठं आधी घेतलं तर उरलेली दोन १० आणि ११ मिनिटं ताटकळतात; तिघांची सरासरी ७. छोटी आधी घेतली तर सरासरी १. याहून कमी कुठल्याच क्रमाने येत नाही, हे सिद्ध करता येतं. पण छोटी कामं येतच राहिली तर मोठ्याचा नंबर कधीच लागत नाही. याला म्हणतात स्टार्व्हेशन, उपासमार. डेडलॉकमध्ये अडकलेले सगळेच ठप्प होतात, बोंब होते, कुणीतरी धावत येतं. उपासमारीत यंत्र झकास चालू असतं. म्हणून ती मला जास्त भयंकर वाटते.

आजोबा गेल्यावर आमच्या जमिनीच्या वारसनोंदीचं असंच झालं. सात वारस, एक आत्या सुरतेला, एका काकांचा मृत्यूचा दाखला सापडेना. कार्यालयात सरळसोट प्रकरणं आधी निघायची. लाच कुणी मागितली नाही, कुणी उर्मटही बोललं नाही. दर महिन्याला निकाली निघालेल्या प्रकरणांचा आकडा छानच असणार.

मग जबाबदार कोण? माझ्या मते नियम ठरवणारा. कारण उपाय ठाऊक आहे: एजिंग. जितकं थांबाल तितकी पायरी वर. थांबणं हाच हक्क. अर्थात, तो फुकट मिळत नाही. पॅरलल प्रोग्रॅमिंगमध्ये एका लॉकसाठी अनेक थ्रेड झगडतात, तेव्हा नुकताच लॉक सोडलेला थ्रेडच बऱ्याचदा तो पुन्हा पटकावतो. लॉकची माहिती त्याच्याच प्रोसेसरच्या कॅशमध्ये असते ना! २००८मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये तिकीट स्पिनलॉक आले. बँकेतल्या टोकनसारखे: नंबर घ्या, पाळीची वाट पाहा. जावामध्येही लॉक 'फेअर' करता येतो, पण त्याने एकूण कामाचा वेग घटतो, हे तिच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय.

वेग घटला तर हजारांचं नुकसान, असं माझी लॅब पार्टनर म्हणते. मुद्दा खोटा नाही. पण हजारांचा एकेक सेकंद आणि एकाचं कायमचं थांबणं एकाच रकान्यात मांडून बेरीज करायची, हे मला पटत नाही.

आमच्या शेड्युलरच्या असाइनमेंटला गुण सरासरीवर आहेत. तरी आम्ही एजिंग ठेवलंय. किती मिलिसेकंदांनी पायरी वाढवायची, यावर अजून भांडतोय.