ऊसतोडीला गेलेल्यांचं मत

"आक्का, गावाचे ठराव आता व्हॉट्सॲपवरच व्हायला हवेत. दिवाळी झाली की आपल्या घाटनांदूरकडचे कोयते बाहेर पडतात ते पाडव्याच्या आगेमागे परततात. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ती माणसं कुठं असतात? सांगली-कोल्हापूरच्या फडात."

"गावात असलेले तरी कुठं येतात, गुरुजी? कोरम 15 टक्के किंवा 100 मतदार, कमी असेल तो. तोही भरला नाही तर सभा तहकूब, अन् तहकूब सभेला कोरमच नको."

"म्हणून तर म्हणतो. ग्रुपवर पोल टाका, फडातूनही मत येईल."

"कुणाच्या फोनवरून? नवरा-बायको मिळून एक कोयता, अन् कोपीत फोन बहुधा एकच. त्याचा. अन् पोलमध्ये कुणाचं मत कुठं पडलं ते नावानिशी दिसतं. ग्रुपात मुकादमही असतो. उचल घेतलेला गडी त्याच्याविरुद्ध जाईल?"

"नावं दिसतात म्हणूनच घोटाळा होत नाही. ग्रामसभेतही हात सगळ्यांसमोरच वर होतो."

"हात खाली येतो. स्क्रीनशॉट पुढच्या हंगामापर्यंत राहतो. दारूबंदीच्या मतदानात दुकान बंदला आडवी बाटली, चालूला उभी. ते मतदान का चालतं? बाई आत एकटी जाते, शिक्का मारते, अन् बाहेर येऊन नवऱ्याला वाटेल ते सांगते."

इथं मात्र मी आक्कांना सोडलं नाही. "त्याच मतदानात नोंदलेल्या महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे फडात असलेली बाई आपोआप उभ्या बाटलीकडं मोजली जाते!"

आक्का थोडा वेळ बोलल्या नाहीत. माझ्या मते त्यांच्याकडं याला उत्तर नव्हतं.

"मग गुप्त मतदानाचं ॲप आणा," मी पुढं रेटलं.

"मतपेटी दोन्हीकडच्या माणसांसमोर उघडतात. ॲप कुणासमोर उघडायचं? अन् फोनवर माणसं काय ठरवतात ते रैनपाड्याला पाहिलंय. 2018 चा जुलै, साक्री तालुका. मुलं पळवणारे म्हणून पाच भिक्षेकरी ठार मारले."

"ती अफवा होती, ठराव नव्हे. त्यानंतर पाचांपुढं फॉरवर्ड करता येईना."

"ते कंपनीनं ठरवलं. आपल्याला कुणी विचारलं?"

"मग फडातल्या बाईनं करायचं काय?"

"मतदान पाडव्यानंतर घ्या. सगळी गावात असताना."

"बाटलीचं ठीक. टँकरचा ठराव थांबेल पाडव्यापर्यंत?"

"तो कसा थांबेल?" आक्का म्हणाल्या.